पाहुणीच्या पोटातली बुरशी

१

पाहुणीच्या पोटात जे सापडायला नको होतं ते सापडलं, तेव्हा संस्थेतल्या प्रत्येकाने सर्वांत आधी कानांवर हात ठेवले.

पाहुणी म्हणजे गाय. बाकीच्या गायी याच गोठ्यात जन्मलेल्या, ही तेवढी बाहेरून आणलेली, म्हणून पाहुणी. येऊन वर्षं लोटली तरी नाव काही सुटलं नाही. पशुखाद्याच्या या संशोधन संस्थेने एका प्रयोगासाठी सहा गायी वेगळ्या गोठ्यात बांधल्या होत्या. तिघींना रोज एका कंपनीची बुरशी दिली जाई, तिघींना नाही. बुरशीमुळे पोटातल्या जंतूंचा कारभार सुधारतो का, वाळका चारा जास्त पचतो का, एवढंच पाहायचं होतं. पाहुणी 'नाही'वाल्या तिघींत होती. आणि बाहेरच्या प्रयोगशाळेने कळवलं होतं की कंपनीची तीच बुरशी, तीच डीएनएची खूण घेऊन, पाहुणीच्या पोटात सुखाने नांदते आहे.

"एक तर हा गबाळेपणा आहे, नाहीतर लबाडी," संस्थेचे मोठे साहेब म्हणाले. "बाटल्या उघडणारी आणि नमुने काढणारी बाई एकच. सोमवारी समिती बसते आहे. तोवर दुसरं काही पुढे आलं नाही तर तिचं सगळं काम बाद, आणि लबाडीचा शिक्का कायमचा. मग तिला कुणी दारात उभं करणार नाही."

हे ज्यांना सांगितलं जात होतं त्या बाईंना खात्यात भिंगबाई म्हणत. त्यांची सगळी नोकरी दुधातलं पाणी पकडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात किंवा नातवंडं सांभाळतात. भिंगबाईंना दोन्हींचा कंटाळा. कुठे काही मुरतंय असं कळलं की त्यांचे गुडघे दुखायचे थांबत.

"सगळं ठरलंच आहे, तर मला कशाला बोलावलंत?"

साहेबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "ती आमच्या गोठ्याच्या डॉक्टरांची सून आहे. डॉक्टर माझे जुने मित्र. ती सुटावी असं मला वाटतं, आणि म्हणूनच मी सोडवली तर कुणाचा विश्वास बसायचा नाही."

हे भिंगबाईंना आवडलं. आपली अडचण स्वतःच्या तोंडाने सांगणारा साहेब त्यांनी क्वचितच पाहिला होता.

"बरं, बुरशी या गायीची त्या गायीला जायला कितीसा वेळ? आमच्याकडे पावाची तर डब्यातून डब्यात जाते."

"तिथेच तर घोडं अडलंय," साहेब म्हणाले. "ही बुरशी पावावरची नाही. हिला हवा लागली की ही मरते."

२

गोठा स्वच्छ होता. एका भिंतीशी सहा गायी ओळीने उभ्या. प्रत्येकीच्या डाव्या कुशीत ताटलीएवढं गोल रबरी झाकण बसवलेलं. भिंगबाईंनी जन्मभर गायी पाहिल्या होत्या, पण खिडकी असलेली गाय पहिल्यांदाच पाहत होत्या.

"दुखत नाही हो त्यांना," सून म्हणाली. तिला सगळे ताई म्हणत. डोळ्यांखाली काळं आलेलं, पण गायीजवळ गेल्यावर आवाज मऊ झाला. तिने एक झाकण उघडलं, कोपरापर्यंत हातमोजा चढवून हात आत घातला आणि चोथ्याची मूठ बाहेर काढली. ऊन, आंबट वास सुटला. "हे कोटीपोट, गायीचं पहिलं, मोठं पोट. इथे गाय काहीच पचवत नाही. पचवतात ते आतले जंतू. गाय त्यांना चारा, ऊब आणि अंधार पुरवते, ते तिला जेवण करून घालतात."

"म्हणजे भाडेकरूच स्वयंपाक करतात."

ताई कित्येक दिवसांनी हसली असावी. "तसंच. बुरशीचं काम पहिलं. काडी कडक असते, जंतूंना आत शिरता येत नाही. बुरशी काडीला चिकटते, धागे आत खुपसून तिला फोडते. मग बाकीचे आत घुसतात."

"रोज कशाला द्यायची? एकदा शिरली की राहील की."

"राहत नाही. जुने भाडेकरू नव्याला टिकू देत नाहीत. दोन-चार दिवसांत हुसकून लावतात. म्हणून रोज एक बाटली."

भिंगबाईंनी ओळ नीट पाहून घेतली. बाहेरच्या दारापासून पहिल्या तिघी बुरशीवाल्या; त्यातली सर्वांत धट्टीकट्टी ती महाराणी. मग तिघी बिनबुरशीच्या. पाहुणी अगदी शेवटची, दाण्याच्या खोलीच्या दाराशी, दाव्याची गाठ तोंडाने चाळवत.

"मधल्या दोघींत बुरशी सापडली?"

"मुळीच नाही. तेच तर कळत नाही मला."

भिंगबाईंनाही कळलं नाही, आणि म्हणून त्यांना फार बरं वाटलं. चाटून, लाळेतून, शेणातून काही पसरलं असतं तर आधी शेजारणीला लागलं असतं. इथे दोन घरं वगळून तिसऱ्या घरी पाहुणा उतरला होता.

नमुने घ्यायची वेळ झाली होती. ताईने दाण्याच्या खोलीत जाऊन वजनं केली, कपाटाचं कुलूप काढून प्रयोगाचे दोन थर्मास घेतले, आणि गायींच्या पोटातलं पाणी एकेका नळीत भरून त्यांत ठेवलं. मग दोन्ही बगलांत एकेक थर्मास धरून ती निघाली ती जवळजवळ पळतच. "थंड झालं की सगळं मरतं," ती मागे न बघता म्हणाली. जाताना तिने दाण्याच्या खोलीचं दार टाचेने ओढलं. दार चौकटीला टेकलं, क्षणभर तसंच राहिलं आणि सावकाश पुन्हा उघडलं.

दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: कडी लावा. भिंगबाईंनी कडी लावली. मागून कुणीतरी म्हणालं, "ते मी करतो रोज."

डॉक्टर होते. सासरे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

३

कंपनीचा माणूस बोलायला इतका गोड की गोठ्यात त्याला 'मधाचं बोट' म्हणत. त्याने भिंगबाईंसमोर एक बाटली ठेवली. आत मळकट, पिवळसर पाणी.

"आमची लाडकी," तो म्हणाला. "पाहा हं." त्याने सुईने झाकणातून जराशी हवा आत सोडली. हळूहळू पाणी गुलाबी झालं. "संपलं. हवा शिरली की रंग बदलतो. म्हणजे कुणी बाटली उघडून थोडी काढून ठेवली, नंतर वापरली, असं होऊच शकत नाही."

"आणि रिकाम्या बाटल्या?"

"सगळ्या परत येतात. एकही कमी नाही. आमच्या तिन्ही गायींना रोज मिळाली. त्यांच्या पोटात ती भरपूर आहे, म्हणजे त्यांची बाटली दुसरीकडे गेलेली नाही."

भिंगबाईंनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. "तुम्ही मधे गोठ्यात येऊन गेलात म्हणे."

"बाई, माझ्यावर संशय? पाहुणीत बुरशी गेली तर माझंच नुकसान. फरकच दिसेनासा होतो. विकू काय मग?"

"किंवा तुम्हाला दाखवायचं असेल की तुमची बुरशी आपल्या पायांनी चालत जाते."

मधाच्या बोटाचा चेहरा पडला. "असं बोलू नका. ती आपोआप पसरायला लागली तर दुसरी बाटली कोण घेईल?"

हे मात्र सोळा आणे खरं वाटलं. माणूस धर्माबद्दल खोटं बोलेल, बायकोबद्दल बोलेल, पण दुसऱ्या बाटलीबद्दल बोलताना तो अगदी मनापासून घाबरला होता.

बाटलीतून आली नाही. शेजारणीकडून आली नाही. हवेतून येऊच शकत नव्हती. मग उरलं काय, असा विचार करत भिंगबाई गोठ्यामागच्या खोलीत गेल्या. तिथे मुकादम कपाळाला हात लावून बसला होता. या संस्थेत फक्त आपल्यावरच अन्याय होतो, असं तो म्हणत होता.

४

मुकादम म्हणजे गोठ्यावरच्या माणसांचा म्होरक्या. त्याचं दुःख चहाचं होतं.

"आमचा थर्मास, बाई. मोठा. सगळ्यांना पुरायचा. एक दिवस गेला. डॉक्टरांनी नवा आणून दिला, स्वतःच्या खिशातून, मी नाही कशाला म्हणू? पण हा अर्ध्या तासात गार. जुना दुपारपर्यंत चटका द्यायचा. मी विचारलं, जुन्याचं काय झालं? म्हणाले, फुटला. बाई, तो स्टीलचा होता."

भिंगबाई स्टुलावर नीट टेकल्या. "कधीची गोष्ट?"

"मी लेकीकडे गेलो होतो ना, दोन दिवस. आलो त्याच आठवड्यात. नुसती रड होती त्या आठवड्यात. पाहुणी चाऱ्याला तोंड लावेना. शेण पातळ, आंबूस, आणि त्यात मक्याचे अख्खे दाणे."

"त्यात नवल काय? मका खातात की गायी."

"या सहाजणी नाही खात. यांना भरडलेलं, मोजून. अख्खा मका आत खोलीत पोत्यात असतो, भरडायच्या आधीचा." तो थांबला. भिंगबाईंनी काही विचारलं नाही, तेव्हा त्याला वाटलं आपण काही विशेष बोललो नाही, आणि तो पुढे सांगू लागला. "आणि इकडे पाहुणी उपाशी, तर तिकडे महाराणी वखवखलेली. एका संध्याकाळी असा चारा ओढत होती, जणू चार दिवस कुणी घातला नाही. मी म्हटलं, अगं, दुपारीच तर पोट फुगवून बसली होतीस, ते गेलं कुठे?"

"बरोबर विचारलंत तुम्ही तिला," भिंगबाई म्हणाल्या.

"गायीला विचारून काय होणार?"

"तिने उत्तर दिलंय. दुसऱ्या दिवशीपासून थर्मास दिसेनासा झाला का?"

मुकादमाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "तुम्हाला कोण बोललं?"

"आणि पाहुणीला डॉक्टरांनी काय औषध दिलं?"

"ते मी पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, तिला काही झालेलं नाही, बोभाटा करू नको. त्यांच्यासारखा माणूस सांगतो म्हटल्यावर मी कशाला बोलू? चार दिवसांनी ती खायलाही लागली."

सांगून झाल्यावर मुकादमाच्या लक्षात आलं की बोभाटा झाला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, डॉक्टर देवमाणूस आहे. हे असू दे हं तुमच्यापाशीच."

५

ताईच्या प्रयोगशाळेत भिंगबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. निरोगी गायीच्या पोटातला एक थेंब काचेवर होता. त्यात गोल गोल, केसाळ जीव एकमेकांना ढकलत धावत होते. दूध तपासता तपासता सगळी नोकरी झाली, पण दूध जिथून सुरू होतं तिथे असा गजबजाट असेल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना थोडा रागच आला.

"इतके दिवस कुणी दाखवलं नाही मला हे," त्या म्हणाल्या. मग: "असं कधी झालं का, की काच ठेवली आणि काहीच हललं नाही?"

ताई विचार करू लागली. "एकदा. पाहुणीचाच नमुना. सगळे मेलेले. मला वाटलं माझ्याकडून थंड झाला. मी तो बाद केला."

"त्याच थर्मासात दुसऱ्या गायीचा होता?"

"हो. मधलीचा." ताईचा आवाज मंदावला. "तो जिवंत होता. एकाच थर्मासात होते दोन्ही."

"मग थंडीने नाही मेले."

"नाही," ताई म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. भिंगबाईंच्या मनात आलं, ही पोरगी हुशार आहे, अजून दोन पावलं टाकली तर पोचेल. आणि त्यांनी तिला तिथेच सोडून डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टर हात धूत होते. उंच, नीटनेटके. सुनेच्या लग्नात तिच्या बापापेक्षा हेच जास्त रडले होते, असं साहेबांनी सांगितलं होतं.

"डॉक्टर, पाहुणी गेल्या महिन्यात आजारी होती का?"

"छे."

"चारा सोडला होता?"

"मुळीच नाही. माझ्या नजरेतून सुटलं नसतं."

"मुकादम नवा थर्मास गार पडतो म्हणतो."

डॉक्टरांचे हात साबणासकट थांबले. नळ वाहत राहिला. मग त्यांनी हात पुन्हा धुवायला घेतले, धुतलेलेच.

"बाई," ते म्हणाले, "काही शोध न लावलेलेच बरे असतात."

भिंगबाई बाहेर पडल्या. चोर सापडल्यावर एरवी त्यांना भूक लागायची. आज लागली नाही.

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोठ्यामागच्या खोलीत बोलावलं. साहेब एकुलत्या खुर्चीवर, मधाचं बोट दाराशी, मुकादम चहाशी, ताई भिंतीला टेकून. डॉक्टर उभेच राहिले.

"मला जंतूंतलं कळत नाही," भिंगबाईंनी सुरुवात केली. "मला भेसळ कळते. भेसळीत दोनच प्रश्न असतात. कुठून आलं, आणि टिकलं कसं. आधी दुसरा. ताई म्हणते, या बुरशीला पोटातले जुने रहिवासी दोन-चार दिवसांत हाकलतात. मग पाहुणीत ती आठवड्यामागून आठवडे कशी राहिली? तिला बाटली तर एकदाही मिळाली नाही."

"चोरून रोज मिळाली असेल," साहेब म्हणाले.

"बाटल्या सगळ्या हिशेबात आहेत. नाही साहेब, ती राहिली कारण घर रिकामं होतं. त्याआधी पाहुणीच्या पोटात एकही जीव हलत नव्हता. ताईने तो नमुना आपल्या डोळ्यांनी पाहिला आणि आपलीच चूक म्हणून फेकून दिला."

ताईची मान वर झाली.

"कशाने मेले? शेणात अख्खे दाणे होते. गाय पोतंभर दाण्यावर तुटून पडली की पोटात आंबतं, इतकं आंबतं की आतले सगळे मरतात. कधीकधी गायही मरते. मग तिला वाचवायचं कसं? डॉक्टर, हे तुम्ही सांगाल का?"

साहेबच हळूच म्हणाले, "धडधाकट गायीच्या पोटातलं पाणी काढून तिला पाजायचं. जुना उपाय आहे. नवे रहिवासी आणून वसवायचे."

"गरम असताना, हवा न लागू देता. प्रयोगाचे थर्मास ताईच्या कपाटात कुलपात. म्हणून चहाचा घेतला. काठोकाठ भरला आणि झाकण लावलं की आत हवा राहत नाही, आणि हा तर दुपारपर्यंत चटका देणारा. कुणाच्या पोटातून भरला? जी त्याच संध्याकाळी वखवखून खात होती तिच्या. तिचं अर्धं पोट काढून नेलं होतं. आणि ती महाराणी, म्हणजे बुरशीवाली. माणूस घाईत असला की सर्वांत धट्टीकट्टी गाय निवडतो. ती धट्टीकट्टी कशाने आहे, याचा विचार त्याला सुचत नाही."

"असं थर्मासाचं झालं तर," मुकादम पुटपुटला. मग त्याला थर्मासात काय होतं ते समजलं आणि त्याने हातातला कप खाली ठेवला.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "मी केलं. मीच ओतलं. गाय मरत होती. प्रयोगातून एक गाय गेली तर प्रयोग गेला, म्हणून कुणाला सांगितलं नाही. बुरशी लक्षातच आली नाही माझ्या. चूक माझी, शिक्षा मला. आता हे इथे संपवा."

साहेब मित्राकडे बघत राहिले. "अरे, तुझ्या सुनेवर लबाडीचा आळ आला, तेव्हा तरी बोलायचंस."

इथून पुढचं भिंगबाईंना ठाऊक होतं, पण ते सांगायला त्यांची जीभ उचलत नव्हती.

तेवढ्यात ताईच म्हणाली, "दाणे खोलीत होते."

ती भिंतीपासून पुढे आली.

"पाहुणी दावं सोडवून घेते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दार बंद असतं तर ती आत गेली नसती." ती एकेक शब्द चाचपत बोलत होती. "मुकादम लेकीकडे होते. त्या दिवशी खोलीत मीच गेले होते. माझे दोन्ही हात भरलेले असतात." ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुम्ही तिला त्या खोलीत पाहिलंत?"

"पोत्यात तोंड घालून उभी होती," डॉक्टर म्हणाले. "मी सांडलेलं झाडून टाकलं. सोडा पाजला, तीन दिवस काय काय केलं. शेवटी ते पाणी."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुला आधी दोनदा ताकीद मिळाली होती, त्या दारावरून. तिसऱ्यांदा काढलंच असतं. मी म्हटलं, खोटा आळ फार दिवस टिकत नाही, आज ना उद्या गळून पडतो. खरी चूक टिकते."

"मी रोज तुमच्यासमोर जेवत होते." ताईचा आवाज फुटला. "घास गिळवत नव्हता मला. तुम्ही पानात वाढत होतात. म्हणत होतात, होईल सगळं ठीक. मला वाटायला लागलं होतं की मीच काहीतरी केलंय आणि मला आठवत नाही."

डॉक्टर भिंतीचा आधार घेऊन खाली बसले, सरळ जमिनीवर. करायला गेले काय आणि झालं काय, हे त्यांच्या तोंडावर इतकं लख्ख दिसत होतं की साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली. भिंगबाईंना या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही, वाईट मात्र फार वाटलं.

ताईने डोळे पुसले. नाक ओढलं. मग ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "गाळलं होतंत का?"

"काय?"

"ते पाणी. गाळून ओतलंत की तसंच?"

"तसंच. गाळायला वेळ कुठे होता."

"काड्यांसकट?"

"काड्यांसकट."

"म्हणून," ताई म्हणाली. "म्हणून टिकली. ती काडीला धरून असते. नुसत्या पाण्यातून गेली नसती. काडीला धरून गेली, आणि तिकडे घर रिकामं." ती उठून उभी राहिली होती. "साहेब, रिकाम्या पोटात एकदाच दिली तर ती राहते. रोजची बाटली लागत नाही. निदान या एका गायीत लागली नाही. एका गायीवरून काही सिद्ध होत नाही, पण हे पुन्हा करून बघायला हवं."

दाराशी उभ्या असलेल्या मधाच्या बोटाने रुमाल काढून कपाळ टिपलं. "हे छापायची एवढी घाई कशाला करायची?" तो म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

साहेब खुर्चीत पुढे सरकले होते. इतके दिवस त्यांच्या मानगुटीवर बसलेलं ओझं उतरल्यागत झालं होतं, आणि त्यांना ते पुन्हा चढू द्यायचं नव्हतं. "हे पाहा," ते म्हणाले. "लबाडीचा प्रश्न मिटला. डॉक्टर लिहून देतील की गाय आजारी पडली, त्यांनी उपचार केला. आजारी कशाने पडली, हे कुणी विचारणार नाही. दाराचं मी ऐकलं नाही. बाई, तुम्हीही ऐकलं नाहीत."

भिंगबाईंनी उत्तर द्यायच्या आधी ताईकडे पाहिलं. तिची सुटका तिच्यासमोर वाढून ठेवली होती, नुसती उचलायची होती. डॉक्टर जमिनीवरून तिच्याकडे असे बघत होते की हो म्हण, पोरी, एकदा हो म्हण.

"नाही चालणार, साहेब," ताई म्हणाली.

"का?"

"दाण्याने पोट रिकामं झालं, म्हणून बुरशी राहिली. दाणे काढून टाकले तर उरतं काय? एका गायीचं पाणी दुसरीला पाजलं, एवढंच. ते सगळ्यांना माहीत आहे. पोट रिकामं कसं झालं हे सांगायचं, तर दार सांगावं लागतं. दार सांगायचं, तर मी."

"नोकरी जाईल तुझी. समिती त्या तिसऱ्या ताकिदीवर बोट ठेवेल."

"ठेवेल. पण चुकल्याबद्दल ठेवेल. लबाडीबद्दल नाही."

साहेबांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि शेवटी म्हणाले, "समितीत मी असेन. काय वाचवता येईल ते बघतो. वचन देत नाही." त्यांनी खिशातला पेन काढून पुढे केला.

मुकादमाने कप बाजूला करून टेबलावर जागा केली. ताई उभ्यानेच लिहू लागली. भिंगबाई तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. सवय जात नाही. पहिली ओळ अशी होती: दाण्याच्या खोलीचं दार संशोधिकेने उघडं ठेवलं होतं.

डॉक्टर भिंत धरून उठले, जवळ आले आणि त्यांनीही ती ओळ वाचली.

"'चुकून' तरी घाल," ते म्हणाले.

ताईने पेन उचलला. अशा कागदात असल्या शब्दाला काही अर्थ नसतो, समिती तो वाचणारही नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तिने जरा वेळ त्या ओळीकडे पाहिलं, आणि मग बारीक अक्षरांत, वरच्या बाजूला, तेवढं त्यांच्यासाठी घातलं.